घाई डिसेंबरची, सही कायमची

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

आम्ही दोघं ऑस्टिनला राहतो. 2011 साली ब्लँको काउंटीत 110 एकर जमीन घेतली. वरच्या सपाटीवर जुनं घर आहे, शेजाऱ्याच्या गाई तिथे चरतात. खाली घळीत सीडर आणि ओकची दाट झाडी आहे. एका लँड ट्रस्टच्या (जमिनी राखणाऱ्या खासगी संस्थेच्या) माणसांनी ती पाहिली आणि सांगितलं, की तिथे गोल्डन-चीक्ड वॉर्बलर हा दुर्मिळ पक्षी घरटी करतो. आता ते म्हणतात, जमिनीवर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट (जमीन आपलीच ठेवून तिचे काही वापर कायमचे सोडल्याचं लेखी बंधन) द्या, डिसेंबरअखेर सही झाली तर यंदाच करात वजावट मिळेल. यंदा कंपनीचे शेअर विकलेत, त्यामुळे कर दणदणीत आहे. शेजारी म्हणतो, पक्ष्याचं नावही काढू नका, सरकार जमीन घेईल. बायको म्हणते, आपल्याच जमिनीवर आपले हात का बांधून घ्यायचे? मुलीला पुढेमागे तिथे घर बांधायचंय, मुलाचं काही ठरलेलं नाही. एका मित्राने 'ईझमेंटमध्ये पैसे गुंतवा, चौपट वजावट' अशी स्कीम आणली आहे. शिवाय गावी, संगमेश्वर तालुक्यात, आमच्या वाट्याला रानाचा एक तुकडा आहे. तिथेही असं काही करता येईल का?

सप्रेम नमस्कार.

मित्राची स्कीम आधी निकालात काढते, कारण तिला वेळ लागणार नाही. नाही म्हणा. या प्रकारात कोणीतरी स्वस्तात जमीन घेतो, भागीदारी काढून तिचे हिस्से विकतो, मर्जीतल्या मूल्यांककाकडून तिची किंमत आभाळाला नेऊन भिडवतो आणि ईझमेंट देऊन ती फुगवलेली वजावट सगळ्यांत वाटतो. अमेरिकेच्या आयकर खात्याने 2016 च्या अखेरीस हे व्यवहार करचुकवेगिरीच्या पाळतीवर ठेवले. डिसेंबर 2022 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच केला: गुंतवलेल्या रकमेच्या अडीच पटींहून जास्त वजावट अशा भागीदारीतून दाखवली, तर काही मोजके अपवाद सोडता ती अमान्य. त्यामुळे 'चौपट' ऐकलंत तिथेच चहा संपवून उठायला हवं होतं. तुमचं तसं नाही, तुमच्याकडे खरी जमीन आहे आणि खरा पक्षी आहे. पण या मंडळींच्या कृपेने आता सरळ माणसाचे कागदही खातं भिंग लावून बघतं.

शेजाऱ्याचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. टेक्सासात 95 टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. 1990 मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत आला तेव्हा ऑस्टिनच्या भोवताली जमीनमालक आणि सरकार यांच्यात चांगलीच जुंपली होती. 'गोळी घाला, पुरून टाका, गप्प बसा' असं तिकडचे लोक अर्धं गमतीने, अर्धं खरंच म्हणत आले आहेत. पण तुमचा शेजारी एक गोष्ट विसरतो. पक्षी यादीत आहे म्हणून 1973 चा संकटग्रस्त प्रजाती कायदा तुमच्या घळीला आजच लागू आहे, तुम्ही ईझमेंटवर सही करा किंवा करू नका. पक्षी वापरत असलेली जुनी झाडी उद्या बुलडोझर लावून साफ करायची ठरवलीत तर फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्राच्या वन्यजीव खात्याशी गाठ पडेल. कुंपण दुरुस्त करणं, सपाटीवर गाई चारणं, घराभोवतीची सीडरची कोवळी रोपटी काढणं, यात कोणी लक्ष घालत नाही. जमीन ताब्यात घेण्याचा तर यात प्रश्नच येत नाही. ट्रस्ट ही खासगी संस्था आहे. तिला ईझमेंट दिल्याने लोकांना तुमच्या फाटकातून आत यायचा हक्क मिळत नाही. वर्षातून एकदा त्यांचा माणूस आधी कळवून पाहणी करून जाईल.

आता ईझमेंटचं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढला की जमीन तुमचीच राहते, पण पुढच्या घेणाऱ्यालाही तो बोजा बघूनच ती घ्यावी लागते. ईझमेंट तसाच समजा, फक्त हा बोजा कर्ज फेडून उतरत नाही. जमीन तुम्ही विकू शकता, गहाण ठेवू शकता, मुलांच्या नावे करू शकता. प्लॉट पाडणार नाही, घळीतून रस्ता काढणार नाही, झाडी साफ करणार नाही असं जे लिहून द्याल, ते मात्र तुम्हाला, मुलांना आणि मुलांकडून विकत घेणाऱ्यालाही करता येणार नाही. टेक्सासात यासाठी 1983 पासून कायदा आहे. वीस-तीस वर्षांचा करार केला तर आयकराची वजावट मिळत नाही. ती हवी तर कायमचंच लिहून द्यावं लागतं.

माझं खरं म्हणणं इथे सुरू होतं. ट्रस्टची माणसं म्हणतील की ही सही पक्ष्यासाठी आहे. पण तुम्ही दोघं हयात आहात आणि घळीला हात लावणार नाही, तोवर पक्ष्याला तुमच्या कागदाची गरज नाही. कागद कामाला येतो तो तुमच्यामागे. म्हणजे तुम्ही तुमच्या मुलांना, आणि ज्यांचं तोंडही तुम्ही बघणार नाही अशा मालकांना, आजच 'नाही' म्हणून ठेवताय. तसं 'नाही' म्हणायची तुमची मनापासून इच्छा असेल तर जरूर द्या, मला त्यात चांगलंच दिसतं. करासाठी देणार असाल तर देऊ नका. त्यात पैशाचा हिशेब बसत नाही.

आकडे मी समजण्यासाठी घेते, तुमच्या जमिनीचे नाहीत. समजा प्लॉट पाडायची मुभा असताना जमीन 20 लाख डॉलरची आहे आणि ईझमेंटनंतर 12 लाखांची उरते. ही 8 लाखांची घट म्हणजे तुमचं दान. दर वर्षी तुमच्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत वजावट घेता येते आणि उरलेली पुढची 15 वर्षं ओढता येते. दोघांचं मिळून उत्पन्न 3 लाख असेल तर दीड-दीड लाख करत सहाव्या वर्षी ती संपेल. पण वजावट म्हणजे रोख रक्कम नव्हे, तेवढ्या उत्पन्नावरचा कर फक्त वाचतो. 22-24 टक्क्यांच्या टप्प्यात ते 8 लाखांवर पावणेदोन-दोन लाख डॉलर होतात. यंदा शेअर विकल्याने थोडे जास्त वाचतील, मान्य. तरी सहा लाखांच्या आसपास तुमच्या खिशातून गेलेच की! त्यात वकील, मूल्यांकन, जमिनीच्या स्थितीचा अहवाल, आणि ट्रस्ट पुढच्या देखरेखीसाठी मागते तो निधी हे सगळं हजारो डॉलरचं काम. मालमत्ता करात फार फरक पडेल असंही नाही. गाई चरतात म्हणजे तुमची जमीन बहुधा आधीपासूनच शेतीच्या दराने आकारली जात असणार.

म्हणून यंदाच्या डिसेंबरात सही करू नका. यंदाचा कर भरून मोकळे व्हा. घाईत राहून जातात अशा दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्या एकेक भारी पडतात.

पहिली म्हणजे जमिनीखालचं. टेक्सासात वरची जमीन एकाची आणि खालचं तेल-वायू दुसऱ्याचं, हे सर्रास चालतं, आणि खालच्या मालकाला वरून वाट काढायचा हक्क असतो. तुम्ही 2011 मध्ये घेतलीत तेव्हा खालचा हक्क तुम्हाला मिळाला, की कोणा आजोबांनी तो पूर्वीच विकून टाकला होता? तो दुसऱ्याकडे असेल तर तिथे पृष्ठभागावरून खाणकाम होण्याची शक्यता नगण्य आहे, असं भूवैज्ञानिकाचं पत्र लागेल. दुसरी गोष्ट बँकेची. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेने आपला हक्क ईझमेंटच्या खाली ठेवल्याचं लेखी द्यावं लागतं, आणि ते पत्र सहीच्या आधी हातात हवं. मूल्यांकनही दानाच्या तारखेच्या 60 दिवसांहून जास्त आधीचं चालत नाही. हे सगळं नाताळच्या सुटीत उरकेल असं तुम्हाला कोणी सांगत असेल, तर त्याला मी माझा वकील करणार नाही.

आणि घराची जागा. याचं तुमच्याच राज्यातलं, तुमच्याच पक्ष्याचं उदाहरण आहे. बॉस्के काउंटीतल्या बॉस्के कॅन्यन रँचच्या मालकांनी 2005 आणि 2007 मध्ये हजारो एकरांवर ईझमेंट दिलं. वॉर्बलरची झाडी वाचवणं हा त्यातला एक हेतू होता. आत पाच-पाच एकरांच्या 47 घरांच्या जागा राखल्या आणि त्यांच्या सीमा पुढे थोड्या सरकवायची सोय ठेवली. 2015 मध्ये कर न्यायालयाने वजावट नाकारली. सीमा हलतात म्हणजे बंधन कायमचं नाही, आणि जमिनीच्या मूळ स्थितीचे कागदही अपुरे आहेत, असं त्याचं म्हणणं. 2017 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण दानानंतर दहा-बारा वर्षं कोर्टात गेली! तुमच्याकडे 47 घरं नाहीत, एका मुलीचं घर आहे. माझं ऐकाल तर रस्त्याकडची सपाटी, तीसेक एकर असो की चाळीस, मोजणी करून ईझमेंटच्या बाहेरच ठेवा. ईझमेंट घळीला आणि तिच्या उतारांना द्या. वजावट कमी होईल, होऊ दे. मुलगी तिथे घर बांधेल, मुलगा त्याचा तुकडा विकेल किंवा ठेवेल, आणि घळीवरून भावंडांत वाद व्हायचं कारण उरणार नाही. वाटण्यांमधून काय काय होतं हे आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

पक्ष्याकडे जरा नीट बघा, म्हणजे ईझमेंटच्या खतात काय लिहायचं ते कळेल. जगातले सगळे गोल्डन-चीक्ड वॉर्बलर मध्य टेक्सासातच जन्मतात. मार्चमध्ये येतात, पिल्लं उडती झाली की जुलै-ऑगस्टपर्यंत निघून जातात. हिवाळा काढतात दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांत, आणि तिथल्या झाडांवर तुमच्या कागदाचा काही अंमल नाही. मादी घरटं बांधते ते अ‍ॅश ज्युनिपरच्या, म्हणजे तुम्ही ज्याला सीडर म्हणता त्याच्या, सालीच्या लांब पट्ट्यांचं. कोळिष्टकांनी ती ते सांधते. कोवळ्या झाडाची साल अशी सुटत नाही, त्याला वय लागतं. साधारण 15 फूट उंच, छातीच्या उंचीला पाच इंच जाड, असं झाड झालं की उपयोगाचं. आणि खायला अळ्या लागतात, त्या ओकवर. म्हणून नुसतं सीडरचं रान चालत नाही आणि नुसतं ओकचंही नाही. सीडरला पाणीपिऊ म्हणून शिव्या घालत तो सरसकट उपटणारे रँचवाले तुम्हाला भेटले असतील. कुरणात पसरलेला कोवळा सीडर काढा, त्याचं मला काही वाटत नाही. घळीतला म्हातारा सीडर मात्र परत लावता येणारा नाही.

आणि नुसतं 'तोडू नका' म्हणून रान टिकत नाही. हिल कंट्रीत, म्हणजे तुमच्या त्या डोंगराळ भागात, हरणं इतकी झाली आहेत की ओकचं रोप वर यायच्या आत खाल्लं जातं. आजचे ओक पडले की मागे कोण? शिवाय ओक विल्ट हा बुरशीचा रोग आहे, त्यामुळे तिथे फेब्रुवारी ते जून ओकची छाटणी टाळतात आणि एरवीही जखमेवर लगेच रंग लावतात. हे सगळं करायची मोकळीक तुमच्याकडे राहायला हवी: हरणं आवरायची, वणव्यासाठी पट्टे काढायचे, मेलेली झाडं हलवायची. खतात मोठी बंधनं लिहा, झाडीची निगा कशी राखायची हे वेगळ्या आराखड्यात ठेवा, जो ट्रस्टच्या संमतीने दर काही वर्षांनी बदलता येईल. कारण ज्ञान बदलतं, याद्याही बदलतात. याच टेकड्यांत राहणारा ब्लॅक-कॅप्ड व्हिरिओ 1987 मध्ये संकटग्रस्त ठरला आणि 2018 मध्ये यादीतून बाहेर आला. त्याला जमिनीपर्यंत वाढलेली बुटकी झुडपं लागतात, म्हणजे तुमच्या वॉर्बलरच्या नेमकं उलट. 1990 मध्ये कोणी एकाच पक्ष्यासाठी बारीकसारीक कलमं लिहून कायमची सही केली असती तर दुसऱ्याची पंचाईत.

ईझमेंट म्हणजे अभेद्य कवचही नव्हे. पर्मियन हायवे ही वायूची पाइपलाइन 2020 मध्ये याच हिल कंट्रीतून खणली गेली, तेव्हा सक्तीने वाट घ्यायचा अधिकार कंपनीकडे होता. तसं उद्या झालं तर भरपाई मिळते आणि तिच्यातला वाटा ट्रस्टकडे जातो, पण घळ मधोमध फाटते ती फाटतेच.

ट्रस्ट कोणती, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तिला मान्यता आहे का ते बघा. लँड ट्रस्टना मान्यता देणारा स्वतंत्र आयोग 2006 पासून आहे. विचारा, तुमच्या किती ईझमेंटचा भंग झाला, तेव्हा काय केलंत, कोर्टात जायला पैसा आहे का, आणि ट्रस्ट बुडाली तर आमचं ईझमेंट कोणाकडे जाईल. ज्यांना हा शेवटचा प्रश्न आवडणार नाही त्यांना दान देऊ नका.

आणखी एक विचारा: लगतच्या जमिनींचं काय? हा पक्षी सलग मोठ्या झाडीत नीट वाढतो. तुमची सत्तर-ऐंशी एकरांची घळ चारी बाजूंनी बंगल्यांनी वेढली गेली तर मांजरं येतील, ब्लू जे पक्षी येतील, पिल्लं मारली जातील. घळ पुढे शेजाऱ्याच्या हद्दीत शिरत असेल तर तुमच्या सहीचं निम्मं मोल त्या घाबरलेल्या शेजाऱ्याच्या हातात आहे. त्याला कायदा समजावायला जाऊ नका, एखाद्या एप्रिलच्या सकाळी पक्षी ऐकायला बोलवा.

गावच्या रानाचं थोडक्यात. टेक्सासातलं ईझमेंट तिथे चालणार नाही. भारताचा 1882 चा सुविधाधिकार कायदा मागतो, की ज्याला हक्क मिळतो त्याची स्वतःची जमीन असावी आणि हक्क तिच्या उपभोगासाठी असावा. लगत जमीन नसलेल्या संस्थेला तुमच्या रानावर असा हक्क देता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 36 सी मात्र आहे. मालक स्वतःहून पुढे आला तर राज्य सरकार खासगी जमीनही 'सामुदायिक राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. मग जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. पण त्याआधी सातबारा काढा आणि त्यावर किती नावं आहेत ती मोजा. सामाईक खातं असेल तर तुम्ही ऑस्टिनहून काय ठरवता याला अर्थ नाही. कोकणात असं रान संपतं ते ठेकेदाराला उभी झाडं विकून, आणि ती विक्री कोणा चुलतभावाला पैशाची नड असते म्हणून होते. ठेकेदार दारात यायच्या आत त्याची नड कशी भागवायची हे भावकीत बसून ठरवा. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा हे एकच काम घेऊन जा.

राहता राहिल्या वहिनी. टेक्सासात लग्नानंतर घेतलेली जमीन सहसा दोघांची मानतात, तेव्हा त्यांची सही लागणारच. आणि त्यांचा प्रश्न तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका आहे. त्या 'नको' म्हणाल्या तर मधला रस्ता आहे. टेक्सासात 1995 पासून शेतीच्या दराने आकारलेली जमीन तोच दर ठेवून वन्यजीव व्यवस्थापनाखाली नेता येते. सात कामांपैकी किमान तीन करायची: अधिवासाची निगा, धूप रोखणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा, गणना. गाई काढून टाकता येतील आणि कायमचं काही लिहून द्यावं लागणार नाही. त्याचा अर्ज काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात साधारण एप्रिलअखेरपर्यंत द्यायचा असतो. दोन-तीन वर्षं तसं करून बघा. मुलांना वसंतात तिथे न्या, मुलीला तिची घराची जागा खुंट्या मारून दाखवायला सांगा. वहिनींचं मत तोवर बदललं तर ट्रस्टचा फोन नंबर तुमच्याकडे आहेच, आणि ही वजावट तेव्हाही आयकर कायद्यात असेल. 2015 मध्ये काँग्रेसने ती मुदतीची न ठेवता कायम केली आहे.